दोरी ओढून खांदा गेला, मशीन काही उठेना

गणपती चार दिवसांवर आले की माझ्या दुरुस्तीच्या शेडबाहेरच्या जांभ्याच्या ओट्यावर गवत कापायच्या मशीनांची रांग लागते. वर्षभर त्यांची कुणाला आठवण नसते. मुंबईची मंडळी येणार, पायवाट गुडघाभर गवतात बुडालेली, म्हणून माळ्यावरून मशीन खाली काढतात आणि ते काही उठत नाही. यंदा ही रांग टपालातूनही आली आहे. पंपाबद्दल एकच पत्र, बाकी सगळी गवताची. म्हणून या खेपेला तेवढाच विषय.

एक विनंती. पत्रात नुसतं ‘मशीन’ लिहू नका. खांद्याला पट्ट्याने अडकवायचा तो ग्रास कटर. तो बहुतेक टू-स्ट्रोक असतो आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालतो. चाकांवर ढकलायचा तो लॉन मोअर. तो आता बहुधा फोर-स्ट्रोकच, त्याचं ऑइल इंजिनात वेगळं असतं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलंत तर रोगी जाईल.

प्रश्न : काका, गेल्या दिवाळीत कलमांची बेणणी उरकली आणि ग्रास कटर पडवीत टांगून ठेवला. काल काढला तर दोरी ओढून ओढून खांदा गेला, पण फुर्रसुद्धा करत नाही. दुकानदार म्हणतो, कारबोरेटर गेला, नवीन टाका. टाकू का? (संगमेश्वर तालुक्यातून)

उत्तर : निदान आज तरी टाकू नका. तुम्ही सगळं लिहिलंत, टाकीत पेट्रोल कधीचं ते लिहिलं नाहीत. दिवाळीचंच असणार. हल्ली पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे आषाढ-श्रावणात डब्यातले पापड नरम पडतात, मिठाला पाणी सुटतं, तिथे टाकीतलं पेट्रोल कोरडं कसं राहील? पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. तुम्ही मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि टाकीतली नळी पिते तळाचं. म्हणजे मशीन उठलं नाही हे एका परीने बरंच झालं. उठलं असतं तर बिनऑइलचं पळालं असतं.

टाकीतलं सगळं काचेच्या बरणीत काढा आणि पाच मिनिटं उजेडात ठेवून बघा. तळाशी वेगळा थर दिसला, किंवा वास पेट्रोलचा न येता जुन्या वार्निशसारखा आला, तर ते गेलं. विहिरीच्या आसपास ओतू नका. टाकी थोड्या ताज्या पेट्रोलने खळबळून घ्या आणि मग नवीन मिश्रण भरा. साधं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल असेल तर लिटरला ४० मिली. तुमच्या मशीनच्या पुस्तकात लिटरला २० मिली छापलं असेल आणि ऑइलही त्यांनी सांगितलेल्या प्रतीचं असेल, तर २०.

आता प्लग काढा. माझं निम्मं निदान तिथेच होतं. दहा-बारा वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल आतपर्यंत पोचतच नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण ठिणगी नाही, नाहीतर चोक (हवा अडवणारी झडप) लावून ओढत बसल्यामुळे मशीन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. ओव्हर झालं असेल तर प्लग बाहेरच ठेवा, चोक उघडा, रेस पूर्ण दाबून आठ-दहा वेळा दोरी ओढा, प्लग पुसून वाळवून लावा. ठिणगी बघायची तर प्लग टोपीत बसवून त्याचं लोखंड इंजिनाच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येत असते आणि भुवया परत यायला महिने लागतात. ठिणगी निळसर, टचकन वाजणारी हवी. पिवळी आणि मरतुकडी असेल तर आधी नवीन प्लग. फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर.

प्लग कोरडा असेल तर अर्धा चमचा मिश्रण प्लगच्या भोकातून आत सोडा, प्लग लावा, ओढा. दोन सेकंद भर्रकन चालून बंद पडलं तर इंजिन आणि ठिणगी दोन्ही ठीक. मग वाट कुठे अडली आहे ते शोधायचं. कारबोरेटरखालचा रबरी फुगा दाबून बघा. त्याला चीर गेली असेल तर तो पेट्रोल ओढतच नाही. टाकीतल्या नळीच्या टोकाला बोंडाएवढा फिल्टर असतो, तारेच्या आकडीने बाहेर काढा. तो काळा-चिकट झाला असेल तर बदला. नळीही तपासा. इथेनॉलने ती कडक होऊन चिरते, आणि पडवीतल्या उंदरांना ती का आवडते ते मला आजवर कळलेलं नाही.

एवढं करूनही नाही उठलं तर मग कारबोरेटर उघडायचा. तोही बदलायला नव्हे. आत दोन पातळ पडदे असतात, ते कडक होऊन पापडासारखे वाजायला लागतात. त्यांचं किट वेगळं मिळतं, अख्ख्या कारबोरेटरच्या मानाने किरकोळ किमतीत. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, तार घालू नका, भोक मोठं होतं. आणि पडदे काढल्याशिवाय पंक्चरवाल्याकडची हवा मारू नका, फाटतील.

एक राहिलं. सायलेन्सरच्या तोंडात काडी घालून बघा. गेल्याच महिन्यात एक कटर आला, त्याला नवीन प्लग, नवीन कॉइल, सगळं घालून झालं होतं. सायलेन्सर खोलला तर आत कुंभारीण माशीने मातीची तीन बिऱ्हाडं थाटलेली. धूर बाहेर जायलाच जागा नाही, मग हवा आत येणार कुठून? माती खरवडली आणि दुसऱ्या ओढीला मशीन चालू.

प्रश्न : गड्याने चुकून ऑइल न घालता साधं पेट्रोल भरलं. पाऊण तास चाललं, मग आवाज बारीक होत होत बंद पडलं. तेव्हा दोरी हलत नव्हती, आता थंड झाल्यावर हलते पण फार हलकी लागते. ऑइल घालून चालवू का? (देवगडहून, बागायतदार)

उत्तर : नका चालवू. दोरी हलकी लागते याचा अर्थ कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढा. सिलिंडरला एक खिडकी दिसेल, तिच्यात बॅटरीचा उजेड पाडा आणि दोरी हळूहळू ओढून पिस्टन खिडकीसमोर आणा. पिस्टन स्टीलच्या भांड्यासारखा गुळगुळीत दिसला तर वाचलात. मांजराने नखं ओढल्यासारखे उभे ओरखडे असतील तर पिस्टन आणि रिंगा गेल्या, आणि बहुधा सिलिंडरही. या छोट्या सिलिंडरना आतून कडक मुलामा असतो, मोटारसायकलसारखं बोअर मारून भागत नाही. पूर्ण सेटच घालावा लागतो. सेट आणि मजुरी धरून नव्या मशीनच्या निम्म्यावर खर्च जात असेल तर मी गिऱ्हाइकाला नको सांगतो आणि जुनं मशीन सुट्या भागांसाठी ठेवून घेतो.

गड्याला फार बोलू नका. मेव्हण्याचं मशीन मी स्वतः असंच जाम केलं आहे. शेडमध्ये एकसारखे दोन पांढरे कॅन होते, एकात साधं पेट्रोल, दुसऱ्यात मिश्रण. वीज गेलेली, घाई होती. वीस मिनिटांनी माडाच्या आळ्यात मशीन खर्रर करून थांबलं. चाळीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाची ही गत. मेव्हणा काही बोलला नाही, अजून बोलत नाही, पण दर शिमग्याला कॅनचा विषय निघतोच. तेव्हापासून मिश्रणाच्या कॅनच्या मुठीला लाल फडकं बांधलेलं असतं, अंधारातही हाताला लागतं. शिवाय ऑइल आधी, पेट्रोल नंतर, मग कॅन हलवायचा, हे सगळं कॅनमध्येच. टाकीत वरून ऑइल ओतलं तर ते तळाशी गोळा होतं.

लुना चालवलेल्या पिढीला हे सांगावं लागत नसे. पंपावर ‘ऑइल टाकून’ हे शब्द पेट्रोलच्या आधी तोंडातून यायचे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या हिरवळीसाठी चाकांचं पेट्रोल मशीन आहे. माळ्याने खालचं चिकटलेलं गवत खरवडायला ते आडवं पाडलं. नंतर चालू केलं तर इतका पांढरा धूर, की दुसऱ्या मजल्यावरून अग्निशमन दलाला फोन जाणार होता. इंजिन गेलं का? आणि हँडलवरचा आडवा दांडा सारखा धरून ठेवावा लागतो म्हणून माळ्याने तो तारेने बांधलाय, चालेल ना? (पुण्याहून, सोसायटीचे सचिव)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. मासिक खाली ठेवा, जा आणि ती तार तोडा. दांडा सोडला की इंजिनाला ब्रेक लागतो, ठिणगी बंद होते आणि पातं काही सेकंदांत थांबतं. तो त्यासाठीच आहे. माळी घसरला, दांडा बांधलेला असला आणि पाय मशीनखाली गेला, तर पातं विचारत नाही पाय कुणाचा. माळ्याचा हात भरून येत असेल तर दांड्याची केबल सुकली असेल, तिला तेल सोडा. तेवढं काम त्याला मोजून दोन मिनिटांचं आहे.

आता धूर. इंजिन गेलेलं नाही. मशीन कारबोरेटर खाली करून आडवं पाडलं, त्यामुळे तळातलं ऑइल सिलिंडरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये गेलं. तेच जळतंय. प्लग काढा, भोकावर फडकं धरा आणि दोरी सात-आठ वेळा ओढा. आतलं ऑइल फडक्यावर उडेल. प्लग पुसून लावा. फिल्टर फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, ऑइलचे चार थेंब चोळा, पिळून बसवा. कागदाचा असेल आणि ऑइलने भिजला असेल तर नवीनच. कागद धुवायचा नसतो. मग ऑइलची पातळी ऑइल मोजायच्या दांडीवर बघा, पुस्तकात सांगितलेलं ऑइल कमी असेल तेवढं घाला, आणि मशीन मोकळ्या जागी चालवा. पाच-दहा मिनिटांत धूर विरेल. बंद गॅरेजमध्ये चालवू नका. पांढरा धूर डोळ्यांना दिसतो, पण त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

पुढच्या वेळी खालचं साफ करायचं तर आधी प्लगची टोपी काढायची, मग टाकी जवळजवळ रिकामी असताना मशीन कलवायचं, एअर फिल्टर आभाळाकडे ठेवून. टोपी न काढता पात्याला हात लावणारे मी पाहिलेत. हातानेही पातं फिरवलं तर इंजिन एखादा ठोका घेऊ शकतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. बॅकयार्डमध्ये मेपलच्या झाडाचं मूळ वर आलंय, त्यावर मोअर आदळला आणि बंद पडला. आता दोरी ओढली की ती हातातून उलटी खेचली जाते, बोटं तुटायची वेळ येते. मधेच फटाका वाजतो पण चालू होत नाही. गॅस ताजा आहे, प्लग नवीन आहे. (एक वाचक)

उत्तर : तिकडे पेट्रोलला गॅस म्हणतात हे ठाऊक असूनही ‘गॅस ताजा आहे’ वाचून मला क्षणभर सिलिंडरच आठवला. असो. तुमचं पत्र या महिन्यातलं सगळ्यात उत्तम. काय आदळलं, त्यानंतर काय बदललं, काय तपासून झालं, सगळं दोन ओळींत. असं पत्र आलं की हात न लावता निदान होतं.

तुमची चावी तुटली आहे. कुलपाची नव्हे. इंजिनाच्या वर जे जड चाक असतं, ज्यात चुंबक बसवलेलं असतं, ते फ्लायव्हील आणि क्रँक (पातं फिरवणारा इंजिनाचा दांडा) यांना एका जागी धरायला मधल्या खाचेत नखाएवढा चौकोनी तुकडा बसवतात. अशा मोअरमध्ये तो मुद्दाम मऊ धातूचा असतो. पातं मुळावर आदळून थांबलं, क्रँक थांबला, पण फ्लायव्हील आपल्या जोरात पुढे गेलं आणि तो तुकडा अर्धा कातरला. आता चुंबक आपल्या जागेवर नाही, म्हणून ठिणगी अवेळी पडते. पिस्टन वर यायच्या आधीच स्फोट होतो आणि तो उलटा ढकलला जातो. तीच दोरी तुमची बोटं ओढते.

प्लगची टोपी काढा. दोरीचं झाकण आणि वरचं कव्हर काढा. फ्लायव्हीलचा नट सोडवून नुसतं वरून बघा. खाचेची दोन अर्धुकं एकमेकांसमोर नसतील, केसभर जरी सरकलेली असतील, तरी निदान पक्कं. फ्लायव्हील काढायला पुलर वापरा. हातोडा मारून काढणारे असतात, त्यांचं चुंबकही निखळतं आणि पंखेही तुटतात. नवी चावी तुमच्या इंजिनाच्या मॉडेल नंबरची मागवा, अगदी थोड्या डॉलरांत येते. ती वारंवार तुटते म्हणून पोलादाची करून घालू नका. तिचं कामच तुटणं आहे. ती तुटली नाही तर क्रँक वाकेल.

क्रँक आताच वाकलाय का, हेही बघून घ्या. प्लग पूर्ण काढून ठेवा, मोअर योग्य बाजूने कलवा, हातमोजा घालून पातं हळू फिरवा आणि त्याचं एक टोक मोअरच्या खालच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते खूण करा. मग दुसरं टोक त्याच खुणेवर आणा. अंतर सारखं नसेल तर आधी नवीन पातं लावून पुन्हा मोजा, कारण बऱ्याचदा नुसतं पातंच वाकलेलं असतं. नव्या पात्यालाही तोच फरक आला, किंवा मधला बोल्ट लंगडत फिरला, तर क्रँक वाकलाय. मग त्या मोअरवर खर्च करू नका.

आणि थंडीत ठेवताना टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. तुमच्या भागात इथेनॉल नसलेलं गॅस मिळत असेल तर शेवटची टाकी त्याची भरा.

आता थोडक्यात.

‘पंधरा मिनिटं छान चालतं, मग बंद. अर्धा तास ठेवलं की पुन्हा पंधरा मिनिटं’ (चिपळूण). बंद पडताक्षणी टाकीचं झाकण सैल करा. सुस्स आवाज येऊन लगेच चालू झालं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, साफ करा. झाकण सैल करूनही गार होईपर्यंत चालू होत नसेल आणि तेव्हा प्लगला ठिणगीही नसेल, तर ठिणगी देणारी कॉइल गरम होऊन काम सोडते. ती बदलावी लागेल.

‘रेस सोडली तरी कटरचं पातं फिरतच राहतं’ (कुडाळ). स्लो, म्हणजे रेस सोडल्यावरचा वेग, जास्त आहे, त्याचा स्क्रू थोडा सैल करा. तरीही फिरलं तर क्लचची स्प्रिंग तुटलीय. तोवर मशीन वापरू नका.

‘पात्याचा नट सुटत नाही, पान्याला पाइप लावून बघितला’ (लांजा, म्हणजे आमच्याच गावातून). अहो, ग्रास कटरला तिथे बहुधा उलटे आटे असतात. तुम्ही तो घट्ट करत होतात. उजवीकडे फिरवा. नटाचे कोपरे उरले असतील तर.

‘गडग्याच्या कडेला कापताना दगड उडून काच फुटली’ (गुहागर). गडग्याजवळ लोखंडी पातं नको, नायलॉनची दोरी लावा. तिनेही खडे उडतातच, म्हणून पंधरा मीटरच्या आत माणूस-जनावर नको आणि डोळ्यांना गॉगल हवा. उन्हाळ्याचा नव्हे, ग्राइंडरवाल्यासारखा, पारदर्शक.

शेवटचं पत्र एका ताईंचं, दापोलीकडून. ‘यजमान मुंबईला. गडी मिळत नाही, मिळाला तर येत नाही. कटर घरात आहे, पण मला दोरीच ओढवत नाही. माझ्यात ताकद नाही म्हणून सासरे हात लावू देत नाहीत.’

ताई, ही ताकदीची गोष्ट नाही. तुमच्या सासऱ्यांनाही कुणीतरी दाखवलंच असेल. मशीन खांद्याला अडकवून चालू करायला जाऊ नका. सपाट जमिनीवर ठेवा, पातं कशालाही टेकलेलं नको. रबरी फुगा सात-आठ वेळा दाबा, चोक लावा. डाव्या हाताने इंजिनाजवळची दांडी जमिनीवर दाबून धरा. उजव्या हाताने दोरी आधी सावकाश ओढा. चार बोटं आली की ती अडल्यासारखी लागेल. तिथे थांबा, दोरी सावकाश आत जाऊ द्या. आता त्या अडीपासून एक झटका, हातभर, त्याहून जास्त नाही. पूर्ण ओढलीत तर दोरी तुटते, आणि ओढून एकदम सोडलीत तर आतली स्प्रिंग. दोन-तीन झटक्यांत एकदा फुर्र होऊन बंद पडेल. घाबरू नका, तेच हवं होतं. आता चोक उघडा आणि पुन्हा ओढा. पुष्कळ जण इथेच चोक उघडायला विसरतात, मशीन ओव्हर करतात आणि दुपारी माझ्या ओट्यावर आणून ठेवतात.